वणवा विझवायला पहिल्यांदा जाताय?

होळीच्या आगेमागे आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं सुप्रभात बंद पडतं आणि धुराचे फोटो सुरू होतात. 'वरच्या सोंडेला काय दिसतंय बघा.' 'राब आहे का कुणाचा?' 'राब नाय, वर सरकतंय.' (राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं, त्याबद्दल पुढे.) अर्ध्या तासात दहा-बारा जण देवळापाशी गोळा होतात. कुणी दुकानाचं शटर अर्धं ओढून आलेला, कुणी ताटावरून उठून आलेला.

सातारा जिल्ह्यात जावळीच्या डोंगरात आमचं गाव. चौदा उन्हाळे मी या दहा-बारांतला एक आहे. पगार नाही, गणवेश नाही, आमच्या टोळक्याला नावही नाही. दर वर्षी नवे चेहरे येतात. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली पोरं, मुंबईहून आलेले भाचे-पुतणे, शनिवार-रविवार किल्ले हिंडणारी पुण्याची मंडळी. उत्साह सगळ्यांकडे असतो, आणि पहिल्या दिवशी चूकही सगळे एकच करतात. जाळ दिसला की त्याच्याकडे पळत सुटतात. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

आधी आपण कोण ते समजून घ्या

अग्निशमन दल म्हटलं की डोळ्यांपुढे लाल बंब येतो. तो नगरपालिकेच्या गावाला असतो आणि डांबर संपलं की थांबतो. आल्प्समधल्या ऑस्ट्रियात पगारी अग्निशमन दल फक्त सहा शहरांना आहे, बाकी बहुतेक सगळा भार गावोगावचे स्वयंसेवक उचलतात. पण तिथे गावात दलाची स्वतःची इमारत, गाडी, भोंगा आणि ठरलेला सराव असतो. सह्याद्रीत असतो तो एक वनरक्षक, ज्याच्या बीटमध्ये दोन-चार गावांचं रान येतं. हंगामापुरते लावलेले एखाद-दोन फायर वॉचर असतात, आणि मग आपण.

हे काम नवं नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार राखीव किंवा संरक्षित वनात ज्यांना चराईचे, लाकूडफाट्याचे वगैरे हक्क आहेत, त्यांनी आगीची खबर देणं आणि ती विझवायला हात लावणं बंधनकारक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला रान राखण्याचा अधिकारही दिला. त्यामुळे आपण कुणावर उपकार करायला जात नाही, तसंच मनाला येईल ते करायलाही जात नाही. वनखात्याचा माणूस आगीवर हजर असेल तर शब्द त्याचा. अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर त्याला कळवल्याशिवाय पाऊल टाकू नका. आग विझवून खाली आलेल्या माणसालाच 'तू आत काय करत होतास?' असं विचारलं गेल्याचं मी पाहिलंय. प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त आधी एक फोन झाला असता तर तो आला नसता.

पहिली पायरी: हंगाम सुरू व्हायच्या आत

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. तुम्ही जानेवारीतच तयारीला लागा.

आपल्या बीटच्या वनरक्षकाला जाऊन भेटा, फोनवर नको. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या अध्यक्षांकडे नाव आणि नंबर द्या. फोनमध्ये १९२६ हा नंबर 'वनविभाग' म्हणून साठवा, ही खात्याची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून दिसलेल्या आगींचे संदेश मोबाइलवर पाठवते, त्यासाठी कुणालाही नाव नोंदवता येतं. नोंदवा, पण त्यावर विसंबू नका. उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा डोक्यावरून जातो, त्याच्या चित्रातला एक ठिपका सुमारे ३७५ मीटरचा असतो, आणि संदेश येईपर्यंत गवताचा जाळ पुढच्या धारेवर पोचलेला असतो. पलीकडच्या वाडीवरून गुराख्याने मारलेली हाळी अजून तरी जास्त लवकर येते.

मग एक दिवस काढून डोंगर चाला. कुठली जमीन राखीव वनाची, कुठली गायरान, कुठली मालकीची, हे एखाद्या जाणत्या माणसाकडून समजून घ्या. आमच्याकडच्या बऱ्याच डोंगरउतारांवर सातबारा खाजगी आहे, आणि 'ते आमच्या हद्दीत नाही' या वाक्यात एकदा आमचा पाऊण तास गेला होता. मार्चातही पाणी असणारे ओढ्यातले डोह, गुरांच्या वाटा, उघडा कातळ, नांगरलेली वावरं ध्यानात ठेवा. रात्री धुरात नकाशा उघडून बघणं होत नाही.

शक्य असेल तर हिवाळ्यातल्या जाळपट्ट्याच्या कामाला जा. गवत पुरतं वाळायच्या सुमाराला रस्त्याच्या, वस्तीच्या आणि रानाच्या कडेने पट्टा कापून, ते गवत पहाटेच्या गारव्यात राखणीखाली जाळून टाकतात, म्हणजे पुढे आलेल्या आगीला तिथे खायला काही उरत नाही. लहान जाळ कसा चालतो, फांदी कशी मारायची, धूर कुठे वळतो, हे शिकायला याहून सोपी शाळा नाही. नवख्याने पहिला जाळ इथेच बघावा.

एक कंटाळवाणी गोष्टही उरकून घ्या. बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अपघात विमा चालू आहे का बघा. अठरा ते सत्तर वयाच्या कुणालाही तो मिळतो. डोंगरावर पाय घसरला तर घरच्यांना तेवढा तरी आधार.

राब, तात्या आणि 'गवत चांगलं येतं'

निम्मं काम आग लागण्याआधीचं आहे, आणि तेच अवघड. आपल्या डोंगरात वीज पडून वणवा लागणं जवळपास नाहीच. आग माणूसच लावतो, मुद्दाम किंवा चुकून. बांध पेटवला, विडीचं थोटूक टाकलं, मध काढायला धूर केला, सहलीची चूल तशीच सोडली. आणि राब.

राब ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, टाकायच्या जागी शेण, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा हात देऊन ते थर उन्हाळ्यात भाजतात. तण मरतं, राखेचं खत होतं. राब बंद करा म्हणून उपदेश करायला जाऊ नका, कुणी ऐकणार नाही. कसा भाजायचा यावर बोला. पहाटे भाजा, दुपारी नको. भोवती चार हात जागा साफ करा. वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवा म्हणजे तो सावकाश जळतो. दोन माणसं आणि दोन हंडे पाणी जवळ ठेवा आणि विझेपर्यंत घरी जाऊ नका. आणि आदल्या दिवशी ग्रुपवर टाका, 'उद्या आमचा राब आहे'. उत्तराखंडमध्ये अल्मोडा जिल्ह्यातल्या शीतलाखेतच्या परिसरातल्या गावांनी हेच केलं. शेतातला काडीकचरा मार्चअखेरपर्यंत जाळून मोकळं व्हायचं, १ एप्रिलला 'ओण दिवस' पाळायचा आणि त्यानंतर पेटवायचं नाही. एकाच्या मनात येईल तेव्हा पेटवण्यापेक्षा सगळ्यांची तारीख ठरलेली बरी.

मुद्दाम लावणाऱ्यांचं म्हणणं वेगळं. आमच्या शेजारचे तात्या मला दर वर्षी सांगतात, "अरे, जाळल्याबिगर गवत येतंय व्हय?" तात्यांचं डोळ्यांनी पाहिलेलं खोटं नाही. जुनं वाळकं गवत गेलं की नवा कोंब लगेच उघड्यावर दिसतो आणि हिरवळ लवकर आल्यासारखी वाटते. मी त्यांना भाषण देत नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात एकदा त्यांना जळलेल्या उताराखालच्या ओढ्यावर घेऊन गेलो. पाणी काळं, मग तांबडं. शेजारचा न जळलेला ओढा बऱ्यापैकी नितळ. "माती चालली की रं," म्हणाले. पुढल्या वर्षी पेटवलं नाही, निदान मला तरी दिसलं नाही.

गवताबरोबर काय काय जातं तेही सांगावं, पण समोरच्याच्या ओळखीचं सांगावं. जांभूळ, हिरडा, करवंदीची रोपं. आठेक वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचं बी. जमिनीवर घरटं करणाऱ्या टिटवी-चंडोलांची अंडी, कारण त्यांची वीण याच दिवसांत असते. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली निळ्या पंख्याचा जो सरडा उन्हाळ्यात दगडावर बसून गळा फुलवतो, तो शास्त्राला वेगळी जात म्हणून २०१६ साली ठाऊक झाला. त्याचाही विणीचा हंगाम हाच.

दुसरी पायरी: अंगावर काय, हातात काय

सुती कपडे. लांब बाह्या, लांब पँट, जाड असेल तर उत्तम, जीन्स चालेल. नायलॉन, पॉलिएस्टर, टेरिकॉट यांतलं काही नको, आतले कपडेही सुतीच. पहिल्या वणव्याला मी चकचकीत ट्रॅकसूट घालून गेलो होतो. ठिणगी पडली तिथे कापड जळलं नाही, वितळलं आणि मांडीला चिकटलं. ते सोलून काढताना जे झालं त्याचा रुपयाएवढा डाग अजून आहे.

पायात घोट्याच्या वर येणारे चामडी बूट. प्लास्टिकची चप्पल किंवा रबरी बूट धगीने मऊ होतात. डोक्याला टोपी किंवा सुती पंचा. तोंडाला सुती रुमाल, आणि तो कोरडाच ठेवा. ओला रुमाल बरा वाटतो, पण जाळाजवळ त्यातल्या पाण्याची वाफ होऊन तोंड भाजतं. चामडी हातमोजे, धुरापासून डोळ्यांना चष्मा, कपाळावरची बॅटरी, शिट्टी, चार्ज केलेला फोन. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर, आणि ते प्यायचंच पाणी. जाळावर ओतायला लागलात तर तासाभरात तुम्हालाच उचलून आणावं लागेल. खिशात गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखरेची पुडी.

विझवायला आमचं मुख्य हत्यार म्हणजे ओली डहाळी. ओढ्याकाठची निरगुडी, जांभूळ, जे वाकतं आणि पानांनी भरगच्च आहे ते. एकाच झाडाला बोडकं करू नका. बिब्ब्याची फांदी चुकूनही तोडू नका, तिच्या चिकाने आणि धुराने अंग सुजून येतं. निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर तो दिवस संपलाच. खात्याकडे आणि काही गावांत आता फायर बीटर, म्हणजे लांब दांड्याचे जाळ दाबायचे झोडपे, आणि पाठीवरचे हवा फेकणारे ब्लोअर असतात. ब्लोअरने आगीच्या कडेचा पाला जळलेल्या बाजूला लोटता येतो, पण तोंड चुकलं तर तोच भाता होतो. नवख्याने ब्लोअर मागू नये. फवारणीचा सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन चढण चढून बघा, मग ठरवा.

तिसरी पायरी: देवळापाशी थांबा

निरोप आला की एकट्याने निघायचं नाही. आमच्याकडे देवळापाशी पाच मिनिटं जातात आणि ती कधीच वाया जात नाहीत. नावं लिहून घेतात, कोण कुणाबरोबर ते ठरतं. जोडीशिवाय कुणी वर जात नाही. मग चार गोष्टी ठरतात, आणि त्या ठरेपर्यंत आमचा म्होरक्या कुणाला हलू देत नाही.

टेहळणीला कोण? हा माणूस आग विझवत नाही. समोरच्या टेकाडावर बसून जाळ आणि वारा यांवर नजर ठेवतो. आमच्याकडे हे काम एक काकू करतात. गुडघे दुखतात म्हणून वर चढत नाहीत, पण त्यांची हाक अर्ध्या डोंगराला ऐकू जाते आणि 'मागं फिरा' म्हणाल्या की सरपंचसुद्धा फिरतो.

निरोप कसा द्यायचा? रेंज कुठल्या धारेला असते, नसेल तर शिट्टीच्या किती खुणा. आमच्या तीन लांब शिट्ट्या म्हणजे हातातलं टाकून निघा.

निघायचं कुठून? एक नव्हे, दोन वाटा.

थांबायचं कुठे? जिथे जळायला काहीच नाही अशी जागा. कातळ, नांगरलेलं वावर किंवा आधीच जळून काळा झालेला पट्टा.

अठराच्या खालच्या पोरांना आणि दमेकऱ्यांना जाळावर पाठवत नाही. त्यांना हलकं काम मिळतं असं समजू नका. वैरणीची गंज भिजवणं, गोठ्यातली गुरं सोडून खाली आणणं, म्हाताऱ्यांना घराबाहेर काढणं, वर पाणी पोचवणं, १९२६ वर कळवून मग रस्त्यावर उभं राहून वनखात्याच्या गाडीला वाट दाखवणं. एका वर्षी डोंगर वाचला नाही, पण खालच्या वाडीतली एकही गंज पेटली नाही, ती या मंडळींमुळे.

चौथी पायरी: उतार, वारा, घळ

इथे सावकाश वाचा.

जाळ चढण चढतो. माणूस चढणीला दमतो आणि जाळाला चढण लागली की तो धावायला लागतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच शेकून तयार ठेवतात. ढोबळ हिशोब असा की उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. सपाटीवर तुमच्या चालीने येणारा जाळ वीस अंशांच्या चढाला चौपट वेगाने येणार. आणि आमच्या सोंडा वीस अंशांवर थांबत नाहीत. म्हणून पहिला नियम: जाळाच्या वर उभं राहायचं नाही.

मी पहिल्या दिवशी नेमकं तेच केलं. खालून जाळ येतोय, मग वर जाऊन त्याला अडवू असा साधा विचार. कुसळीच्या गवतात छातीएवढ्या उंचीत मी फांदी घेऊन उभा. आधी उंदीर, मग एक धामण पायाजवळून गेली. मग आवाज आला. वणव्याचा आवाज तडतड असा असतो असं मला वाटायचं. जवळ आल्यावर तो ट्रक चढणीला लागल्यासारखा येतो. बाजूच्या कातळावरून एका म्हाताऱ्या बाबांनी शिवी हासडली म्हणून मी आडवा पळालो. वर पळालो असतो तर हे लिहायला नसतो.

११ मार्च २०१८ ला तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वाळक्या गवताचा वणवा ट्रेकर मंडळींवर आला. वीसहून अधिक जण गेले. वाटा माहीत नसलेली माणसं, खडा उतार आणि वारा. आपल्या किल्ल्यांच्या वाटांवर मार्च-एप्रिलात हे तिन्ही असतं. त्याहून जुनी गोष्ट अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली, ५ ऑगस्ट १९४९ ची. मान गल्च नावाच्या घळीत तयारीचे, विमानातून उतरवलेले अग्निशामक होते, तरी गवताच्या उतारावर जाळाने त्यांना गाठलं आणि तेरा जण गेले. त्यांचा म्होरक्या वॅग्नर डॉज पळायचा थांबला, पुढचं गवत त्याने स्वतःच पेटवलं आणि त्या गरम राखेत पालथा पडला. मोठा जाळ त्याला वळसा घालून गेला आणि तो वाचला. नवख्याने यातून पेटवायची युक्ती घ्यायची नाही. घ्यायचं ते एवढंच: जळून गेलेल्या जागेला जाळ परत खात नाही. कोंडी झाली तर वर न पळता, ज्वाळा जिथे गुडघ्याखाली असतील तिथून काळ्या राखेत शिरायचं.

वाऱ्याचं वेळापत्रक असतं. ऊन तापलं की वारा दरीतून वर चढतो. दुपारी कोकणाकडचा वारा घाटमाथ्यावर येतो, तीन ते सहा हा सगळ्यात वाईट वेळ. सूर्य बुडाल्यावर तो मंदावतो आणि मग थंड हवा उताराने खाली यायला लागते. त्या पालटाच्या वेळी आग कुठेही तोंड फिरवते, तेव्हा मागे व्हा. मध्यरात्र ते सकाळी आठ या वेळात दव असतं, हवा गार असते. दुपारी वीस जणांना न आवरणारी आग पहाटे सहा जण आवरतात. म्हणून कधीकधी दुपारी फक्त वस्ती राखायची आणि डोंगराला रात्रीपर्यंत जळू द्यायचं, हा निर्णय भित्रेपणाचा वाटतो पण बहुधा बरोबर असतो. रात्रीचा धोका मात्र वेगळा. उजेडात दिसणारा कडा धुरात दिसत नाही. अनोळखी धारेला रात्री जाऊ नका.

घळीत, नाळेत उतरू नका. ती चुलीच्या धुराड्यासारखी जाळ ओढते, शिवाय रानातली जनावरं तिथूनच पळतात. गवा किंवा डुक्कर वाट मागत नाही. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धूर तिकडे वळताच तिथून निघा.

पाचवी पायरी: शेपटाकडून धरा

वणव्याला तोंड असतं, दोन कुशी असतात आणि शेपूट असतं. जिथून आग निघाली ते शेपूट. तिथे जाळ कमी आणि मागे राख. तिथूनच सुरुवात करायची आणि एक पाय राखेत ठेवून कुशीने वर वर सरकायचं. तोंडाला भिडायला जाऊ नका. ते जाळपट्ट्याशी, रस्त्याशी, ओढ्याशी जाऊन अडेल किंवा कुशी आवळत गेलं की अरुंद होत जाईल.

ज्वाळा कमरेच्या वर असतील तर ते हाताचं काम नाही. मागे व्हा.

फांदी धोपटण्यासारखी मारू नका. डोक्यावर उचलून आपटली की ठिणग्या न जळलेल्या बाजूला उडतात आणि तुमच्यामागे दुसरी आग सुरू होते. फांदी खांद्याच्या खालीच ठेवायची, जाळावर दाबायची आणि राखेच्या बाजूला ओढायची. दाब, ओढ, दाब, ओढ. अंगण झाडल्यासारखं. दोन जणांत पाच-सहा हातांचं अंतर, नाहीतर पुढच्याची फांदी मागच्याच्या तोंडावर. पुढचा जाळ मारतो, मागचा उरलेली धग, त्यामागे एक जण परत पेटतंय का बघतो. नवख्याची जागा तिसरी. दहा मिनिटं झाली की पुढचा मागे, मागचा पुढे. धगीत तोंड लाल होऊन घाम यायचा थांबला, बोलणं तुटक झालं, तर त्या माणसाला न विचारता सावलीला न्या. तो स्वतः कबूल करणार नाही.

उलटा जाळ, म्हणजे येणाऱ्या आगीसमोर आपण दुसरी आग लावून मधलं गवत संपवणं, हे जाणत्या वनकर्मचाऱ्याशिवाय कुणी करायचं नाही. आमच्याकडे एका उत्साही गड्याने केलं होतं. वारा फिरला आणि दोन वणवे झाले.

कुणाला भाजलं तर अंगठी, कडं, घड्याळ आधी काढा, नंतर सूज येते. जागेवर साधं गार पाणी वीस मिनिटं, डोंगरावर तेवढं नसेल तर बाटलीने हळूहळू. हळद, टूथपेस्ट, शाई, काही लावायचं नाही. फोड फोडायचे नाहीत, चिकटलेलं कापड ओढायचं नाही. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका, १०८ ला फोन करा आणि रस्त्याला कुठे भेटणार ते नीट सांगा. 'डोंगरात' हा पत्ता होत नाही.

सहावी पायरी: ज्वाळा गेल्यावर

इथे निम्मी माणसं सेल्फी काढून घरी जातात. कुणी लावली यावर ग्रुपवर नावं फिरू लागतात. पुरावा हातात नसताना कुणाचं नाव घेऊ नका, आमच्या दोन भावक्या अशाच एका मेसेजवरून तीन वर्षं बोलत नव्हत्या. काही दिसलं असेल तर वेळ, जागा, फोटो वनरक्षकाकडे द्या, पंचनामा त्याला करायचा आहे.

खाली उतरल्यावर देवळापाशी पुन्हा नावं वाचा. लिहिलेली आणि उतरलेली डोकी जुळल्याशिवाय कुणी चहालाही जायचं नाही.

मग दुसऱ्या दिवशी पहाटे परत वर चढायचं. चौघे पुरे, पाण्याचे दोन पंप, कुदळ आणि काठी. काळ्या पट्ट्याच्या कडेने चालत हाताचा पालथा पंजा जमिनीजवळ धरून धग बघायची. पोकळ खोडं आतून धुमसतात, ती फोडून आत पाणी घालायचं. उताराला आडवे अडकलेले ओंडके उताराच्या दिशेने वळवून दगडाला टेकवायचे, नाहीतर ते जळत गडगडतात. आणि सगळ्यात फसवी असते ती गुरांची वाळलेली शेणी. वरून राखाडी, थंड, दगडासारखी दिसते. काठीने उलटी केली की पोटात लाल असते. रात्रभर तशीच राहते आणि दुपारी वारा सुटला की घरंगळत खाली न जळलेल्या गवतात जाते. एका सकाळी आम्ही एकशेचाळीस शेण्या उलटल्या. त्यातल्या अकरा जिवंत निघाल्या.